शके १५८६ चा म्हणून सांगितलेला मालवणचा भाला

मालवणांतील एका घराण्याच्या देव्हाऱ्याशेजारीं उभा असलेला भाला सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या वेळचा आहे, असें एका अभ्यासकानें नुकतेंच प्रतिपादिलें आहे. घराण्याचा विचार तो संग्रहालयास त्याच नांवानें देण्याचा असल्यामुळें हें लिहिणें प्राप्त झालें. मालकांच्या अनुमतीनें मीं तो दोनदां पाहिला. पातें जुनें आहे, याविषयीं माझा वाद नाहीं. वाद त्यावरील 'श्री शिवछत्रपती शके १५८६' या लेखाविषयीं आहे.

किल्ल्याचें काम मार्गशीर्ष वद्य २ शके १५८६, म्हणजे ता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सुरू झालें, हें खरें. परंतु महाराजांनीं छत्र धारण केलें तें ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ (ता. ६ जून १६७४) रोजीं. मग ही पदवी दहा वर्षें आधींच्या पात्यावर आली कोठून? 'शिवच्छत्रपति' असा संधि हवा होता, हा आक्षेप मात्र मी घेत नाहीं. लोहाराला पाणिनीच्या दंडकानें मोजणें अन्यायाचें होईल.

उरलेली शंका भिंगानें फेडली. गंजानें पात्यावर खळगे पडले आहेत आणि अक्षरांच्या रेघा त्या खळग्यांच्या कडा तोडून जातात. म्हणजे गंज आधींचा, लेख मागाहूनचा. दरसाल खंडेनवमीस पातें राखेनें घासतात. त्यानें खळग्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या, अक्षरांच्या मात्र अद्याप बोटाला बोचतात.

गंजाच्या खोलीवरून वय काढणें या किनाऱ्यावर तरी व्यर्थ आहे. येथील खारा वारा दाराच्या बिजागऱ्याहि थोड्याच पावसाळ्यांत खातो. दांड्याविषयीं तर बोलावयासच नको. वेळूचा दांडा मोडला कीं बदलावयाचा.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून २०२४ सालीं साताऱ्यास आणलेल्या वाघनखांच्या पेटीवर ग्रँट डफचें नांव व शिवाजीमहाराजांचा उल्लेख आहे. तथापि अफझलखानाच्या वधाचीं तींच हीं, असें सिद्ध करतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंच सांगितलें आहे. आमच्या अभ्यासकानें तेवढा संयम ठेवावयास हवा होता.

लेख खोटेपणानेंच कोरला, असें मी म्हणत नाहीं. कोणी वंशजानें भक्तीनें कोरविला असेल. म्हणून तो खरवडूं नये. खरी परीक्षा दांडा बसविण्याच्या पोकळ नळीची आहे. तिच्या आंत राख कधीं पोंचली नाहीं. लोखंड कसें वळवून जोडलें, तें तेथेंच दिसेल. नळींतील लाकूड काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि येत्या खंडेनवमीस पात्याला नुसतें फूल वाहावें.