हातची चव आणि हातोटी : 'गुलाबजाम' पाहताना

सिनेमावर बोलायचं म्हटलं की आपण कथेपासून सुरुवात करतो. आज एका शब्दप्रयोगापासून करू. 'हातची चव.' आईच्या हातची, आजीच्या हातची, असं आपण सहज म्हणतो आणि कौतुकानंच म्हणतो. पण या कौतुकात एक गोम आहे. चव हातातच असते असं एकदा मानलं, की ती शिकून मिळवलेली विद्या राहत नाही. ती देणगी होते. देणगीला कुणी मोबदला विचारत नाही, तिच्यामागचे तास मोजत नाही. सचिन कुंडलकर यांचा २०१८ सालचा 'गुलाबजाम' आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो याच गोमेवर बोट ठेवतो म्हणून.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आदित्य, म्हणजे सिद्धार्थ चांदेकर, लंडनमधली बँकेतली नोकरी सोडून पुण्यात येतो. मराठी स्वयंपाक शिकायचा आणि लंडनमध्ये मराठी जेवणाचं रेस्टॉरंट काढायचं, हे त्याचं स्वप्न. घरच्यांना मात्र यातलं काही सांगितलेलं नाही. एका डब्यातला गुलाबजाम खाल्ल्यावर त्याला लहानपणची चव आठवते आणि तो डबा करणाऱ्या बाईंचा तो शोध घेतो. त्या राधा आगरकर, म्हणजे सोनाली कुलकर्णी. राधा एकटी राहते, माणसं टाळते, तोडून बोलते. तिच्या आयुष्यातली बरीच वर्षं हातातून निसटून गेली आहेत. ती कशी, ते सांगून तुमचा सिनेमा बिघडवत नाही.

आता स्वयंपाकावरच्या सिनेमांचा एक ठरलेला रस्ता आहे. जॉन फॅव्ह्रोचा २०१४ सालचा 'शेफ' घ्या. मोठ्या रेस्टॉरंटमधली नोकरी गेलेला बाप खाण्याची गाडी काढतो आणि त्या गाडीवर काम करता करता मुलाच्या जवळ येतो. त्याचाच हिंदी अवतार २०१७ साली आला, सैफ अली खानचा. दोन्हीकडे पुरुष स्वयंपाकघरात शिरतो तो मनस्वी आवडीपोटी, आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याच ओट्यापाशी बाई उभी असली की तिच्या कामाला आपण आवड म्हणत नाही, ती 'घरचं सगळं बघते' म्हणतो. अँग लीच्या १९९४ सालच्या 'ईट ड्रिंक मॅन वूमन'मध्ये हे दुखणं नेमकं पकडलंय. तैपेईतला नावाजलेला आचारी दर रविवारी तीन मुलींसाठी मेजवानी रांधतो. पण ज्या मुलीला खरोखर स्वयंपाकाची ओढ होती, तिला त्यानंच आपल्या स्वयंपाकघरातून दूर ठेवलेलं असतं. घरचे सगळे एका टेबलाशी बसतात आणि तरी एकमेकांशी बोलत नाहीत.

'गुलाबजाम'नं या रस्त्याला एक वळण दिलंय. आवडीपोटी सगळं सोडून येणारा पुरुष इथेही आहे, पण त्याची गुरू ही डबे करून पोट भरणारी बाई आहे. ती कुणाची आई म्हणून रांधत नाही, कुणाची बायको म्हणूनही नाही. तिला काम येतं आणि ती ते विकते. सोनाली कुलकर्णीनं राधा अजिबात गोड केलेली नाही, हे फार बरं झालं. 'अन्नपूर्णा' म्हटलं की आपल्याला हसतमुख, पदर खोचलेली बाई दिसते. ही बाई वैतागते, संशय घेते, आणि तरी तिच्या हाताला शिस्त आहे. मायेचा आणि चवीचा जो सांधा आपण पक्का समजून बसलोय, तो इथे सैल होतो.

आणि म्हणूनच शीर्षकातला पदार्थ चपखल आहे. गुलाबजाम घाईनं होत नाही. तूप जास्त तापलं की गोळा बाहेरून काळपट आणि आत कच्चा. मंद आचेवर, हलवत हलवत तळायचा. पाक चिकट झाला की एकतारीच्या अलीकडेच थांबायचं, नाहीतर तो आत मुरत नाही. हे सगळं शिकता येतं, चुकत चुकत येतं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली हेच केलं होतं. वाटी-चमच्याचं माप देऊन 'हातची चव' कागदावर आणली. नव्या संसारातल्या कितीतरी जणींना धीर आला तो त्या मापांमुळे.

आमची तक्रारही आहे. आदित्यला परत जायला लंडन आहे. त्याचं धाडस खरं, पण त्याच्या पाठीशी शिल्लक आहे, शिक्षण आहे. राधाच्या पाठीशी काय आहे? दिग्दर्शकाचा कॅमेरा वाफेवर, तळणीवर, फोडणीवर इतका रमतो की महिन्याचा हिशेब, गॅसचा खर्च, दुखरी कंबर या गोष्टी त्या सुंदर उजेडात मागे पडतात. जे हात चित्रपटाला मोठे करायचेत, त्यांचा थकवा थोडा अधिक दिसायला हवा होता.

कोपरीत बसून हे बोलतोय, त्याला कारण आहे. संध्याकाळी ठाणे पूर्वेला गाडीतून उतरा. घरी जाता जाता पोळी-भाजी केंद्रावर थांबणारी माणसं दिसतील. चार पोळ्या, पाव किलो भाजी, पिशवीत घालून घरी. दोघंही नोकरीला, येण्याजाण्यात तीन तास. यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण आपल्या घरातलं रात्रीचं जेवण ज्यांच्या हातचं आहे, त्या बाईंचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा त्या बायका गिरणी कामगारांना कित्येक वर्षं जेवू घालत होत्या. काम तेच होतं. ते काम आहे हे मान्य व्हायला संघटना लागली.

दुसरा प्रश्नही इथलाच. 'मराठी जेवण' म्हणून लंडनच्या ताटात काय वाढायचं? चेंदणी कोळीवाड्यातलं कालवण वेगळं, घाटावरून आलेल्यांची भाकरी-आमटी वेगळी, आणि फाळणीनंतर कोपरी कॉलनीत आलेल्या सिंधी घरांतला दाल-पकवानही आता इथलाच. पुण्यातल्या एका घरात शिकलेली चव साऱ्या महाराष्ट्राची म्हणून नेता येत नाही. यावर अजून एक चांगला सिनेमा व्हायला जागा आहे.

मग घरच्यांशी पुन्हा जुळण्याचं काय? एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं माफ झालं, असं पडद्यावर पुष्कळदा होतं. 'गुलाबजाम'मधलं आम्हाला पटलेलं जुळणं हळू आहे. दोन माणसं एका ओट्यापाशी रोज उभी राहतात, एक सांगतो, दुसरा चुकतो, पुन्हा करतो. त्यातून विश्वास येतो. त्या नात्याला सिनेमा घाईनं नाव देत नाही, हेही चांगलं.

म्हणून एक सुचवतो. हा सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाशेजारी बसून पाहा. संपल्यावर 'तुझ्या हातची चव' असं म्हणू नका. 'हे तू कुणाकडून शिकलीस?' असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी जाऊन, त्यातलं एक काहीतरी शिकवायला सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.