रॉजर्स उत्तर देत नाहीत तेव्हा

ग्लोरियाला एक उत्तर हवं आहे, आणि ते सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं हवं आहे. तिचा नुकताच घटस्फोट झालाय. बाबांना सोडल्यापासून तुझे कुणा पुरुषाशी संबंध आले का, असं नऊ वर्षांच्या लेकीनं विचारलं आणि ती ‘नाही’ म्हणाली. हे खोटं तिला आतून कुरतडतंय. खरं सांगितलं तर पोरीच्या मनावर वाईट परिणाम होईल का, एवढंच तिला समोरच्या माणसाकडून ऐकायचं आहे.

समोर बसले आहेत साठी ओलांडलेले कार्ल रॉजर्स. ‘थ्री अप्रोचेस टू सायकोथेरपी’ या एव्हरेट शोस्ट्रॉम यांच्या १९६५च्या चित्रपटात ही एकच स्त्री रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस या तिघा मानसोपचारतज्ज्ञांना पाठोपाठ भेटते. यांतले एलिस किशोर फडके यांच्या कामामुळे आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या चांगले ओळखीचे. मी मात्र पुन्हा पुन्हा जाते ती रॉजर्स यांच्या अर्ध्या तासाकडे.

या अर्ध्या तासात फारसं काही घडत नाही, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. रॉजर्स हळू बोलतात, पुढे झुकून ऐकतात, तिचंच म्हणणं थोड्या निराळ्या शब्दांत तिच्यापुढे ठेवतात. याची टिंगल करणं सोपं आहे, आणि ती भरपूर झालीही आहे. पण नीट ऐकलं की कळतं, हे पोपटासारखं पुन्हा म्हणणं नाही. ती लेकीबद्दल बोलत असते, आणि रॉजर्स यांना ऐकू येतं ते दुसरंच: या बाईला स्वतःचीच ही बाजू पटलेली नाही. लेक आपल्याला स्वीकारेल का, हे ती विचारते खरी, पण आधी तिनं स्वतःला कुठे स्वीकारलंय? हा धागा रॉजर्स हलकेच तिच्या हाती देतात. ती थांबते, विचार करते आणि मान्य करते.

मग ती चिडते. तुम्ही मला अशीच घुसमटत बसू देणार, असा तिचा सूर लागतो. माझ्या मते सगळ्या भेटीचा कस इथे लागतो. काय करू ते सांगा, असं कळवळून विचारणाऱ्यासमोर गप्प राहणं कठीण, आणि तंत्र म्हणून गप्प राहणं तर क्रूरच. रॉजर्स यांतलं काहीच करत नाहीत. उत्तर द्यायचं नाही, हे ते मोकळेपणानं बोलून दाखवतात. ही गोष्ट इतकी खासगी आहे की तुमच्या वतीनं मी उत्तर देऊच शकत नाही, पण तुमचं उत्तर तुम्हाला सापडावं म्हणून मी मनापासून सोबत करीन, अशा आशयाचं ते बोलतात. हा नकार त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही थंड दिसत नाही. १९५७च्या लेखात त्यांनी मांडलेल्या सहा अटींपैकी तीन, म्हणजे उपचारकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समोरच्याचं जग आतून समजून घेणं, या एका क्षणात एकत्र पाहायला मिळतात. मोठ्या माणसाला मोठं माणूस म्हणून वागवणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

यानंतर ग्लोरिया खोल उतरते. मनाचं ऐकून वागते तेव्हा आपण अखंड असतो, असं काहीसं तिला जाणवतं आणि डोळे भरून येतात. वडिलांशी असं कधी बोलता आलं नाही, तुम्ही माझे वडील असता तर, असं ती म्हणते. तुम्ही मला छान मुलगी वाटता, एवढंच रॉजर्स म्हणतात. याला वडिलांविषयीच्या भावनांचं स्थानांतरण म्हणून बाजूला सारता आलं असतं. पण त्या घटकेला दोन माणसांमध्ये जे उमललं ते खरं होतं, असं रॉजर्स यांनी मानलं. मला ते पूर्ण पटतं.

सगळ्यात जास्त उपयोग पर्ल्स यांचा होईल, असं चित्रपटाच्या शेवटी ग्लोरिया सांगते. रॉजर्स यांच्या चाहत्यांनी ही गोष्ट लपवू नये. पुढे मात्र पर्ल्स यांच्याबद्दल तिच्या मनात राग राहिला. रॉजर्स यांच्याशी तिचा पत्रव्यवहार १९७९मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत चालू होता.