‘महाभारत’ मालिकेच्या घरगुती प्रती : पाठनिश्चितीचा प्रश्न

बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवरून २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांत प्रसारित झाली. दिग्दर्शनात रवी चोप्रा यांचा वाटा मोठा होता. संवाद राही मासूम रझा यांचे होते, तर पंडित नरेंद्र शर्मा यांचे मार्गदर्शन १९८९ मधील त्यांच्या निधनापर्यंत मालिकेस लाभले. या मालिकेवर आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. तथापि ते लेखन मालिकेच्या कोणत्या प्रतीच्या आधारे झाले, याचा निर्देश त्यात क्वचितच आढळतो. ज्ञानेश्वरीवर लिहिणारा अभ्यासक आपल्यापुढे कोणती प्रत आहे हे सांगितल्याविना एक पाऊल पुढे टाकीत नाही; दूरदर्शन-मालिकेवर लिहिणाऱ्यास मात्र अशा निर्देशाची गरज वाटत नाही. मालिका एकच आहे आणि ती सर्वत्र सारखीच आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, याची तपासणी येथे करावयाची आहे.

१

प्रश्नास विशेष धार येते ती मालिकेच्या श्रेयनामावलीमुळे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हा या मालिकेचा प्रमुख आधार असल्याचे तेथे नमूद केले आहे. या आवृत्तीचा आरंभ १९१९ मध्ये झाला. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून १९४३ मधील मृत्यूपर्यंत तिचे प्रधान संपादकत्व सांभाळले, आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, पुढे श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य यांच्या संपादकत्वाखाली हे कार्य १९६६ मध्ये तडीस गेले. १२५९ हस्तलिखितांचा उपयोग करून सिद्ध झालेली ही संहिता म्हणजे पाठचिकित्सेच्या शास्त्राचे भारतातील सर्वांत मोठे फळ होय.

अशा संहितेचा आधार सांगणारी मालिका घरोघरी पोहोचली ती मात्र ज्यांची परस्परांशी तुलना झालेली नाही अशा प्रतींतून. श्रेयनामावलीतील तो निर्देश केवळ सौजन्याचा नाही. मालिकेच्या परीक्षणाचा तो एक मापदंड आहे. द्यूतसभेचे उदाहरण घ्यावे. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा करण्याचा प्रसंग मुख्य संहितेत नाही. वस्त्रे कोणाच्या कृपेने वाढली हे न सांगताच ती वाढत जातात. मालिकेत मात्र कृष्ण वस्त्र पुरवितो. मयसभेत द्रौपदीच्या तोंडी घातलेला आंधळ्याच्या पुत्राविषयीचा सुप्रसिद्ध टोमणा हाही चिकित्सित संहितेतील नव्हे. म्हणजे मालिका एका संहितेचा आधार सांगते आणि मोक्याच्या स्थळी लोकपरंपरेचा पाठ स्वीकारते. हा विरोध दोष मानावा की नाट्यदृष्टीने केलेली निवड मानावी, याविषयी मतभेद संभवतात. परंतु तो विरोध दिसावयास हवा असेल, तर श्रेयनामावली आणि प्रसंग ही दोन्ही एकाच प्रतीत असली पाहिजेत. ज्या प्रतीतून श्रेयनामावली गळली, तिच्या प्रेक्षकास हा प्रश्न पडणारच नाही. पडद्यावर जे आले तेच व्यासांचे, अशी त्याची समजूत होईल.

२

मालिकेच्या घरगुती प्रतींचे स्थूलमानाने पाच वर्ग पडतात : प्रसारणसमयी घरी मुद्रित केलेल्या फिती, बाजारात आलेल्या व्हीएचएस फिती, व्हीसीडी, डीव्हीडी आणि आंतरजालावरील प्रती. हस्तलिखितांच्या शाखांप्रमाणे या प्रत्येक वर्गाचे गुणदोष ठराविक आहेत आणि ते बहुतांशी माध्यमाच्या स्वभावातून उद्भवतात.

व्हीएचएस फितीत चित्राची सूक्ष्मता प्रसारणापेक्षा बरीच उणावते, आणि एका फितीवरून दुसरी फीत करताना प्रत्येक पिढीस रंग फिकटतात, कडा विरघळतात. वारंवार नकललेल्या पोथीतील अक्षराची जी अवस्था होते, तशीच ही. व्हीसीडीचे मानक १९९३ मध्ये ठरले. भारतीय प्रसारणात चित्राच्या ५७६ रेषा दृश्य असतात. व्हीसीडीत २८८ उरतात. त्याहून महत्त्वाची मर्यादा कालाची आहे. एका तबकडीत सुमारे सव्वा तासाचा ऐवज मावतो, आणि मालिकेचा भाग साधारण पाऊण तासाचा. दोन पूर्ण भाग एका तबकडीत बसत नाहीत. तेव्हा प्रकाशकापुढे तीनच मार्ग राहतात : तबकडीत एकच भाग ठेवून खर्च वाढवावा, दुसरा भाग मध्येच तोडून पुढच्या तबकडीत न्यावा, किंवा दोन्ही भागांतून काही गाळावे. गाळावयाचे ठरले की कात्री प्रथम श्रेयनामावली, मागील कथेचा सारांश आणि भागाच्या अखेरीस गायिला जाणारा दोहा यांवर चालणार, हे सांगावयास नको; कारण कथेच्या ओघास त्यांची आवश्यकता नाही, असे वरवर वाटते.

या मालिकेत मात्र ती आवश्यकता आहे. हरीश भिमाणी यांच्या आवाजातून बोलणारा ‘समय’ हा केवळ निवेदक नव्हे. तो कथेबाहेर उभा राहून कथेचा अर्थ लावतो आणि एका रविवारच्या भागास दुसऱ्याशी जोडतो. दोहा हा त्या भागाचा निष्कर्ष असतो. आख्यान थांबवून त्यावर भाष्य करणे ही कीर्तनाची रीत मराठी श्रोत्यास परिचित आहे. मालिकेची घडण त्याच जातीची आहे. भाग सलग जोडून आरंभ व शेवट गाळले, तर कथा राहते आणि भाष्य जाते. अशी प्रत पाहून मालिकेस ‘संथ चित्रपट’ म्हणणारा टीकाकार मालिकेवर नव्हे, त्या कात्रीवर टीका करीत असतो.

डीव्हीडीने कालाची अडचण पुष्कळशी दूर केली. तिच्यात ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र राहते, अनेक भाग मावतात, प्रसंगवार विभागणी करता येते आणि उपशीर्षके देता येतात. पण अमेरिकेसाठी काढलेल्या डीव्हीडीत ४८० रेषांचे व सेकंदास सुमारे ३० चौकटींचे मान पाळावे लागते. मूळ २५ चौकटींचे चित्र त्या मानात बसविताना गती किंचित अडखळते. तिकडच्या मराठी घरांतील दुसऱ्या पिढीने कदाचित याच प्रतीवरून मालिका ओळखली असेल, आणि ही ओळख उपशीर्षकांतून झाली असेल. उपशीर्षक हे भाषांतरच होय. राही मासूम रझा यांनी ‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ अशी संबोधने योजून राजसभेस शोभणारी एक भाषा निर्माण केली. उपशीर्षकाच्या दोन ओळींत ती मावत नाही. तेव्हा उपशीर्षकांच्या आधारे संवादांचे मूल्यमापन करणे धोक्याचे आहे.

आंतरजालावरील व नव्या दूरचित्रवाणी संचांसाठी केलेल्या प्रतींत निराळा दोष संभवतो. मूळ चित्र चारास तीन या प्रमाणाचे. नवे पडदे सोळास नऊ या प्रमाणाचे. पडदा भरण्यासाठी चित्र वरखाली कापले तर उंचीचा एक चतुर्थांश भाग नाहीसा होतो; ताणले तर प्रत्येक पात्र एक तृतीयांशाने रुंद होते. सभापर्वात कोण आसनावर आहे, कोण उभा आहे आणि कोणाची मान खाली आहे, यांतच नाट्य साठविलेले असते. तेथे चौथा हिस्सा कापणे म्हणजे श्लोकाचा एक चरण गाळणे होय.

३

या तुलनेतून एक तात्त्विक भेद पुढे येतो. महाभारताच्या हस्तलिखित-परंपरेत संहिता वाढत गेली; लेखनिकांनी व कथेकऱ्यांनी भर घातली. म्हणूनच सुकथनकरांनी शारदा लिपीतील, तुलनेने संक्षिप्त पाठास विशेष महत्त्व दिले. घरगुती प्रतींची परंपरा बरोबर उलट चालते. येथे संहिता वाढत नाही, झिजते. त्यामुळे संक्षिप्त पाठास झुकते माप देण्याचा नियम येथे फिरवावा लागतो : अन्य पुरावा नसेल तर दीर्घ प्रत मूळास अधिक जवळची मानावी. भर पडते ती कडेला : प्रकाशकाची मुद्रा, नवी अनुक्रमणिका, क्वचित जोडप्रकरण. १९९७ मध्ये चोप्रांचीच ‘महाभारत कथा’ ही बर्बरीक व बभ्रुवाहन यांच्या आख्यानांची मालिका आली. तिचे भाग मूळ ९४ भागांच्या पुढे खुलासा न करता जोडले, तर तो सरळ क्षेपक ठरेल.

यावरून प्रतींची प्रतवारी केवळ चित्राच्या स्वच्छतेवर करता येत नाही, हे उघड आहे. सुंदर अक्षरांत लिहिलेली पोथी विश्वसनीय असतेच असे नाही. प्रसारणसमयी घरी मुद्रित केलेली फीत दिसावयास सर्वांत वाईट : रंग ओघळलेले, मध्ये जाहिराती, आरंभ कधी चुकलेला. परंतु त्या रविवारी काय, किती वेळ आणि कोणत्या जाहिरातींच्या सोबतीने दाखविले गेले, याची ती प्रत्यक्ष साक्षीदार आहे. अशा साक्षीचे मोल इंग्लंडमध्ये सिद्ध झाले आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग पुसून टाकण्यात आले. पण प्रेक्षकांनी घरी मुद्रित केलेला ध्वनी सर्व गहाळ भागांचा शिल्लक राहिला, आणि त्यावरच २०१६ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ या कथेचे रेखाचित्रांनी पुनर्घटन करता आले. मूळ संस्थेने जे टिकविले नाही, ते घरच्या कपाटाने टिकविले.

४

हा प्रश्न केवळ संग्राहकांचा आहे, असे समजू नये. तो कोणास भोवतो, हे पाहण्यासाठी नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे गाव डोळ्यांपुढे आणावे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोरे लोहमार्गावरील, गुजरातच्या सीमेजवळचे हे गाव. मालिका चालू होती तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. जळगावचे विद्यापीठ, ज्याच्या क्षेत्रात हा भाग येतो, ते मालिका संपली त्याच वर्षी, १९९० मध्ये, स्थापन झाले. आसमंतात मावची व भिलीच्या बोली, अहिराणी, गुजराती आणि मराठी एकमेकींना लागून नांदतात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास आरंभ केल्यावर अधिकृत तबकडी अशा लहान गावांच्या आवाक्यात येऊ लागली.

येथील विद्यार्थ्याने मालिकेवर प्रबंध लिहावयाचे ठरविल्यास त्याच्या हाती जी प्रत येईल तीच त्याची संहिता. दिल्लीतील संग्रह त्याच्यापासून दूर. चार प्रती विकत घेऊन ताडून पाहण्याची ऐपत बहुधा नाही. मोठ्या शहरातील अभ्यासक उणी प्रत ओळखून दुसरी मिळवू शकतो. चिंचपाड्याच्या विद्यार्थ्यास वेष्टनावरील मजकुरावर विसंबावे लागते. तो मजकूर काय गाळले हे सांगत नसेल, तर फसगत त्याची होते, आणि पुढे त्याच्या निष्कर्षांस अपुरे ठरविले जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कथेस अनेक पाठ असतात, ही जाणीव भिल्ल समाजाच्या मौखिक परंपरेस नवी नाही. उत्तर गुजरातेतील डुंगरी भिल्लांचे गेय ‘भारथ’ भगवानदास पटेल यांनी संकलित करून १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील वासुकी व द्रौपदी यांचे आख्यान संस्कृत महाभारतास सर्वस्वी अपरिचित आहे. तेथे गाणारा कोण व कोठला हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. तबकडी मात्र स्वतःचा गायक लपविते. ती स्वतःस एकमेव म्हणून पुढे करते, आणि जेथे पाठांची बहुलता अंगवळणी पडलेली आहे, तेथेही एकाच पाठाचा भ्रम निर्माण करते.

५

२८ मार्च २०२० पासून टाळेबंदीच्या काळात ‘महाभारत’ डीडी भारती वाहिनीवर व ‘रामायण’ डीडी नॅशनलवर पुन्हा दाखविण्यात आले. त्या वेळी ‘रामायण’ बाजारातील तबकडीवरून दाखविले जात असल्याचा आक्षेप समाजमाध्यमांतून घेतला गेला, आणि प्रसार भारतीच्या प्रमुखांनी तो नाकारला. वादाचा निकाल काहीही असो. समोरची प्रत कोणती, हा पाठचिकित्सेचा मूलभूत प्रश्न सामान्य प्रेक्षकाने आपण होऊन विचारला, ही घटना महत्त्वाची आहे. विद्यापीठांनी त्याच्या मागे राहणे योग्य नव्हे.

घरगुती प्रतीच्या परीक्षणात यापुढे निदान पाच बाबींची नोंद असावी : प्रत कोणत्या मुद्रणावरून केली, प्रत्येक भागाची लांबी किती, श्रेयनामावली, सारांश व दोहा राखले आहेत की नाहीत, चित्राचे प्रमाण मूळचे आहे की बदललेले, आणि उपशीर्षके कोणत्या भाषेत व कोणाची. या पाच बाबी प्रकट करणारी साधी प्रत, त्या लपविणाऱ्या देखण्या प्रतीहून श्रेष्ठ समजावी. या कसोटीने पाहता डीव्हीडी ही वाचनासाठी सोयीची प्रत ठरते, प्रसारणसमयीची घरगुती फीत ही साक्षीसाठी अपरिहार्य ठरते, आणि व्हीसीडी व कापलेल्या प्रती दुसऱ्या पुराव्याशी ताडल्याविना आधारास घेऊ नयेत, असा निर्णय द्यावा लागतो.

विभागीय ग्रंथालयांनी आपल्या परिसरातील घरांत उरलेल्या फिती बुरशीने नष्ट होण्यापूर्वी मिळवून त्यांची सूची करावी, हे काम फार खर्चाचे नाही. एकेकाळी पोथ्यांच्या शोधार्थ संशोधक गावोगाव हिंडले. आता त्याच वाटांनी फितींसाठी जावे लागेल. चिकित्सित आवृत्तीचा आधार सांगणाऱ्या मालिकेची स्वतःची एकही चिकित्सा झालेली प्रत नसावी, ही उणीव भरून काढणे मराठी संशोधनास अशक्य नाही; कारण ज्या शास्त्राची त्यासाठी गरज आहे, ते पुण्यात सिद्ध होऊन अर्धशतक उलटून गेले आहे.