पडद्यावरचे वेड आणि पायातली साखळी

'मजनू' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याच्या मुळाशी 'जिन' आहे याचे भान राहत नाही. अरबीत मजनून म्हणजे ज्याला जिनाने झपाटले आहे तो. फारसीतला 'दीवाना'ही तसाच, 'दीव' म्हणजे राक्षस, त्यावरून आलेला. दोन्ही शब्द मुळात बाधेचे. सूफींनी आणि पुढे गझलेने त्यांना इश्काचा अर्थ दिला. मुंबईच्या सिनेमाने तोच अर्थ घाऊक भावात विकला. १९७६ च्या 'लैला मजनू'त ऋषी कपूर फाटक्या कपड्यांत वाळवंटात भटकतो, तेव्हा हा माणूस आजारी आहे, याला कोणी सावलीत न्या, असे प्रेक्षकाला वाटत नाही. त्याला हेवाच वाटतो.

गझलेत हे चालून जाते. गझलेचा दीवाना कोणा एका घरचा मुलगा नसतो. त्याला वय नाही, गाव नाही, त्याची अम्मी दाराशी जागत बसलेली नाही. सिनेमा मात्र त्याला चेहरा देतो, कपडे देतो, केस देतो. म्हणून आमची तक्रार उर्दू कवितेशी नसून तिच्या उधारीवर चाललेल्या या धंद्याशी आहे.

'तेरे नाम' हा सतीश कौशिक यांचा चित्रपट १५ ऑगस्ट २००३ रोजी आला. 'सेतू' (१९९९) या तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. नायक राधे हा मुलीला पळवून नेऊन तिच्यापुढे प्रेम व्यक्त करणारा गुंड. पुढे मारहाणीत डोक्याला जबर मार बसतो, त्याची शुद्ध हरपते, वेड्यांच्या इस्पितळात तो मुंडलेल्या डोक्याने दिसतो आणि शेवटी एका आश्रमात साखळदंडांतल्या रुग्णांत जाऊन पडतो. म्हणजे आजाराचे कारण कथेतच सरळ शारीरिक दिले आहे. तरी गाणी आणि जाहिराती आपल्याला सांगत राहतात की हा प्रेमापायी वेडा झाला. मोहल्ल्यातल्या सलूनांत तेव्हा सलमान खानची छायाचित्रे लागली. मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी कपाळावर उतरलेले लांब केस. ही पूर्वार्धातल्या राधेची केशरचना. उत्तरार्धातले मुंडण कोणी पोराने मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

शेवट तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. निर्जरा आत्महत्या करते आणि शुद्धीवर आलेला राधे आपल्या पायांनी आश्रमाच्या माणसांबरोबर परत जातो. जिथे माणसांना बांधून ठेवतात ती जागा दिग्दर्शकाने विरहाचा महाल करून टाकली.

या चित्रपटाच्या दोनच वर्षे आधी, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे, तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी निवासाला आग लागली. झावळ्यांच्या शेडमध्ये रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तिथली अशी निवासे बंद झाली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. ही बातमी देशभर छापून आली होती. तरीही दोन वर्षांनी साखळी पडद्यावर आली ती प्रेमाचा दागिना होऊन.

एरवाडी लांब आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही आपली 'बाधा' झालेली माणसे घेऊन येतात. श्रद्धेची टिंगल आम्हांला करायची नाही. थकलेल्या घराला दर्ग्याच्या ओट्यावर जो दिलासा मिळतो तो खरा आहे, आणि दुवेबरोबर दवाही घेता येते. पण एक गोष्ट बोलली पाहिजे. आमिल म्हणतो, हा आजार नाही, असर आहे. सिनेमा म्हणतो, हा आजार नाही, इश्क आहे. दोघांच्याही बोलण्यात डॉक्टरला जागा उरत नाही. एकाच्या हातात ताईत, दुसऱ्याच्या हातात तिकीट, एवढाच काय तो फरक.

मुशायऱ्यांतही हेच चालते. मजाज लखनवीचे नाव निघाले की त्याची दारू, त्याचे वेड आणि १९५५ च्या डिसेंबरातला त्याचा मृत्यू चवीने सांगितला जातो. थंडीच्या रात्री मित्र त्याला दारूच्या गुत्त्याच्या गच्चीवर सोडून गेले. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला आणि वाचला नाही. सांगणारा येथे उसासा टाकतो, ऐकणारे वाहवा करतात. त्याआधी त्याला मानसिक उपचारांसाठी रांचीला ठेवले होते, त्याच्या आजारपणाची झळ आई-वडील आणि बहिणींना लागत होती, हा भाग कोणी सांगत नाही. बहिणीची कथा सांगून टाळ्या कशा मिळणार? हिंदी सिनेमात सांभाळणाऱ्याकडे पाहणारा एक जुना अपवाद म्हणजे 'खामोशी' (१९६९). त्यात रुग्णांना बरे करण्यासाठी प्रेमाचे नाटक करता करता वहिदा रेहमानची परिचारिका स्वतःच कोसळते.

मजाजची 'आवारा' ही नज्म १९५३ च्या 'ठोकर'मध्ये तलत महमूद यांच्या आवाजात घरोघरी पोहोचली. त्याआधीच, १९५१ मध्ये, राज कपूरने आपल्या चित्रपटाला हेच नाव दिले होते. वेड्याप्रमाणे बेघरही असा देखणा झाला. 'श्री ४२०' (१९५५) मधला फूटपाथ आठवा. ललिता पवारांची मायाळू केळेवाली आणि गाणारे-नाचणारे शेजारी. पाऊस येतो तोही प्रेमिकांना एका छत्रीखाली आणण्यासाठी.

पण लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांना हा फूटपाथ पुरेसा वाटला नसावा. १९६३ मध्ये त्यांनी स्वतः 'शहर और सपना' काढला. त्यात नवविवाहित जोडपे मुंबईत घर न मिळाल्याने सांडपाण्याच्या मोठ्या नळात संसार मांडते. आमच्या मते मोठा फरक इथे आहे. राज कपूरचा बेघर एकटा आहे, म्हणून तो मोकळा दिसतो. अब्बासांच्या बेघराला बायको आहे. तिला पडदा हवा, चूल हवी, आडोसा हवा. बाई येताच फूटपाथची मौज संपते. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. गुणगुणले जाते ते मात्र अजून 'श्री ४२०'.

जुलै १९८१ मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, भर पावसाळ्यात मुंबईचे फूटपाथ रिकामे करण्याचा हुकूम निघाला. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाचे आपल्या समाजाला केवढे कौतुक होते! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण रीतसर नोटीस देऊन हटवण्याची मुभाही ठेवली. ती नोटीस हातात घेतलेली केळेवाली आमच्या कथा-कादंबऱ्यांत तरी कुठे आहे?