शेवळं तोडली, म्हणजे चोरी झाली का?

आज चोरीची व्याख्या तपासायची आहे. पाठ करायची नाहीये. ती कुठे पुरते आणि कुठे तोकडी पडते, ते बघायचंय. उदाहरण आपल्या कर्जत-खालापूरचंच घेऊ.

पाऊस सुरू झाला की कर्जत, खोपोलीच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकडांचा वाटा असतोच, कारण काकडं घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. ही शेवळं काही रानातून येतात, काही कुणाच्या तरी माळावरून. त्या माळाला आता फार्महाउसचं कुंपण पडलेलं असतं. मग ही चोरी म्हणायची का?

आधी इंग्लंडचा कायदा लावून बघू. तिथल्या १९६८च्या चोरीच्या कायद्यात पाच घटक आहेत. वस्तू ही मालमत्ता हवी. ती दुसऱ्याची हवी. आरोपीने ती आपलीशी केलेली हवी. तेही अप्रामाणिकपणे. आणि ती मालकाला कायमची मुकवण्याचा हेतू हवा. पाचही सिद्ध झाले तर चोरी. एक जरी गळला, तरी चोरी नाही.

याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक सुंदर सूट आहे. रानात आपोआप उगवलेली अळंबी, किंवा रानटी झाडाची फुलं, फळं, पानं कुणी तोडली, तर जमीन त्याची नसली तरी ती चोरी नाही. शेवळाचं आपण काय खुडतो? फुलाचा दांडा. कंद जमिनीतच राहतो. म्हणजे शेवळं या सुटीत बसतात. पण पुढे अट आहे: विक्रीसाठी किंवा मोबदल्यासाठी तोडलं तर सूट नाही.

माझी टीका इथे आहे. ही सूट कुणासाठी लिहिली गेली? रविवारी फिरायला गेलेला माणूस घरच्या मुरंब्यापुरती फळं तोडतो, त्याच्यासाठी. जुडी विकून संध्याकाळचं मीठ-तेल घेणारी बाई या सुटीच्या बाहेर पडते. तिच्यावर बाकीचे घटक सिद्ध करावे लागतीलच, पण ढाल गेली ती गेलीच. पोटासाठी विकणं आणि धंदा म्हणून रान ओरबाडणं, हा फरक त्या कलमाला दिसत नाही.

आता आपल्याकडे या. १८६०च्या दंड संहितेचं कलम ३७८ होतं, तेच १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ झालं. इथे घटक जरा वेगळे आहेत: जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमती नाही, अप्रामाणिक हेतू आणि वस्तू हलवणं. कायमची मुकवण्याची अट नाही. प्यारेलाल भार्गव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तेच सांगितलं: ऑफिसातली फाइल थोड्या वेळापुरती नेली, परत आणली, तरी चोरी. आणि जमिनीला चिकटलेली वस्तू खुडल्याक्षणी जंगम होते. म्हणजे शेवळाचा दांडा मोडला की ‘जंगम वस्तू’ आणि ‘हलवणं’, दोन्ही घटक एका झटक्यात पुरे. रानभाज्यांसाठी इंग्लंडसारखी सूटही इथे नाही.

त्यात १९२७च्या वन कायद्याचं कलम ६९ बघा. त्या कायद्याखालच्या कारवाईत वनोपज सरकारचा की नाही असा वाद आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरायचा. एरवी वस्तू दुसऱ्याची आहे हे फिर्यादी पक्षाने दाखवायचं असतं. इथे ओझं उचलायचं ते टोपलीवालीने!

पण चित्र एवढंच नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या आदिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचाही मालकीहक्क मान्य केला. काटक्या, मध, कंदमुळं, औषधी वनस्पती हे सगळं त्यात येतं. इंग्लंडचा कायदा जिथे विक्रीला अडला, तिथे आपला कायदा पुढे गेला. आणि अप्रामाणिकपणा म्हणजे काय? आपल्या संहितेत त्याचा अर्थ गैरलाभ किंवा गैरहानी करण्याचा हेतू. ज्यावर कायदेशीर हक्क आहे, त्याचा लाभ गैर कसा होईल? म्हणजे चोरीचा गाभाच गळतो.

हक्काचा पुरावा अर्धवट असला तरी? चंडीकुमार दास कर्मकार खटला तळ्यातल्या माशांचा होता. तिथे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रामाणिकपणे सांगितलेला हक्क हा चोरीच्या आरोपाला बचाव होऊ शकतो. हक्क शेवटी टिकला नाही तरी चालेल, पण तो बनाव नको.

राहिला कुंपणातला माळ. खाजगी जागेवर वनहक्काचा आधार सहसा मिळत नाही, हे मान्य करायला हवं. तिथे दोन गोष्टी उरतात: वहिवाटीची प्रामाणिक समजूत, आणि न्याय संहितेचं कलम ३३. शहाणा माणूस तक्रारही करणार नाही इतकी क्षुल्लक हानी गुन्हा ठरत नाही, असं ते कलम सांगतं. मुंबईतल्या प्लॉटमालकाला आपल्या माळावर शेवळं उगवतात हे माहीत तरी असतं का?

तरीही माझं म्हणणं असं आहे की, २०२३मध्ये संहिता नव्याने लिहिताना एक ओळ घालता आली असती: वनहक्काने मिळालेलं वनोपज घेणं म्हणजे चोरी नव्हे. पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा किंमत परत केली तर, समाजसेवेची शिक्षा ठेवली. चांगलं केलं. पण ती दोषी ठरल्यानंतरची दया आहे. शेवळं खुडणाऱ्या बाईला दया नकोय, तिला मुळात आरोपी करू नका एवढंच हवंय.

तुमच्यापैकी कुणी उद्या कर्जत किंवा खालापूरच्या कोर्टात असं प्रकरण चालवलं, तर तिने शेवळं तोडली का, यावर वाद घालत बसू नका. तोडलीच आहेत. ग्रामसभेचा वनहक्काचा ठराव आणि दाव्याची कागदपत्रं मागवा. खटला तिथे उभा राहतो किंवा पडतो.

आता प्रश्न घेऊया.