शेरखान, लऊळची माकडे आणि उसातले पिल्लू

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले लऊळ हे गाव काही दिवसांपुरते जगाच्या बातम्यांत झळकले. माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेतात, तेथून पडून किंवा उपाशी राहून ती पिल्ले मरतात, अशी ती हकीकत होती. वृत्तवाहिन्यांनी तिचे सार एकाच शब्दात सांगितले: सूड. कुत्र्यांनी माकडाचे पिल्लू मारले, म्हणून माकडांनी कुत्र्यांचा निर्वंश करण्याचे ठरवले! मेलेल्या पिल्लांचा आकडा सांगता सांगता अडीचशेपर्यंत गेला. गावात जाऊन चौकशी करणाऱ्या काही वार्ताहरांना तो बराच कमी आढळला. अखेर वनखात्याने दोन माकडे पकडून दूर नेली आणि कथा संपली.

तिचा दुसराही एक अर्थ जाणकार त्याच वेळी सांगत होते. दुसऱ्याचे पिल्लू उचलावे, त्याला पोटाशी धरावे, त्याच्या अंगावरचे किडे वेचावेत, हे माकडांच्या स्वभावातच आहे. मात्र छपरावर नेलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला दूध कोठून मिळणार? म्हणजे ज्याला आपण सूड म्हटले, ती कदाचित वाट चुकलेली माया असू शकेल. हा खुलासा फारसा कोणी ऐकला नाही. सूडाची गोष्ट मात्र आपल्या मनात आधीपासून जागा करून बसली होती. ती जागा कोणी केली, असा प्रश्न पडला की मला दूरदर्शनच्या एका मालिकेची आठवण होते.

१९९३ साली रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ दाखवली जाऊ लागली. निप्पॉन अॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९-९०मध्ये तयार केलेली ही बावन्न भागांची चित्रमालिका रड्यार्ड किपलिंगच्या १८९४च्या पुस्तकावर बेतलेली होती. हिंदी रूपांतरासाठी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाजांनी दिले आणि शेरखानला आवाज मिळाला आपल्या नाना पाटेकरांचा. ही मालिका शाळेच्या अभ्यासक्रमातली नव्हती. तरीही एका संपूर्ण पिढीने वन्य प्राण्यांविषयीचा पहिला धडा तिच्यातच गिरवला, हे नाकारता येणार नाही. म्हणून तिच्याकडे शैक्षणिक दृष्टीने पाहणे अन्यायाचे ठरू नये.

तिचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. आपल्या गोष्टींतला लांडगा बहुधा शेळी पळवणारा चोर असतो. या मालिकेतला लांडगा मात्र आई होता, बाप होता, भाऊ होता. त्याला घर होते आणि कळपाची शिस्त होती. हे निसर्गाशी पुष्कळसे जुळणारेच चित्र आहे. लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंबच असते आणि पिल्लांना भरवण्याचे काम सारे मिळून करतात. दख्खनचा लांडगा घनदाट अरण्यात राहत नाही. तो माळरानाचा, धनगराच्या वाटेवरचा शेजारी आहे. त्या शेजाऱ्याकडे चोर म्हणून न पाहता कुटुंबवत्सल जीव म्हणून पाहायला एका परदेशी चित्रमालिकेने शिकवले, ही मोठीच गोष्ट होय.

उणीव आहे ती शेरखानापाशी. तेथला वाघ भुकेपोटी शिकार करत नाही, वैरापोटी पाठलाग करतो. नानांच्या आवाजाने त्या वैराला असा काही जिवंतपणा दिला की वाघ म्हणजे खलपुरुष हे समीकरण मनावर कायमचे कोरले गेले. बघीरा मित्र, शेरखान शत्रू, अशी नावांची दोन रकाने असलेली वही मुलाच्या हाती आली. नाट्याला अशी वही लागते, हे खरे. मात्र प्राण्याच्या प्रत्येक कृतीमागे माणसाचाच हेतू शोधायची सवय एकदा जडली की लऊळच्या छपरावरचे माकड आपल्याला दिसतच नाही. दिसतो तो चित्रपटातला सूडनायक.

याच्या अगदी उलट टोकाला पुण्याची ‘बालचित्रवाणी’ होती. १९८४ साली स्थापन झालेल्या या शासकीय संस्थेने शाळकरी मुलांसाठी मराठीतून हजारो कार्यक्रम तयार केले आणि ते दूरदर्शनवरून घरोघर पोहोचले. तिच्या निवेदनात गुरुजींचा सूर अंमळ अधिक असे, हे कबूल करावे लागेल; रविवारच्या मोगलीपुढे ती सोज्ज्वळ वाटे. मात्र तिचा मूळ बाणा सच्चा होता. ‘पुढे काय झाले?’ यापेक्षा ‘असे का होते?’ हा प्रश्न ती मुलांपुढे ठेवत असे, आणि तोही त्यांच्याच भाषेत. २०१७ साली ही संस्था बंद झाली. तिच्यामागे इंग्रजी-हिंदीतील वन्यजीववाहिन्या आहेत, चित्रीकरण डोळे दिपवणारे आहे. पण त्यांच्या पडद्यावर बहुधा आफ्रिकेचा सिंह असतो, पाटोद्याचा मोर नसतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात १९९४पासून मोरांसाठी राखलेले नायगावचे अभयारण्य आहे. बालाघाटच्या रांगांत, पडीक माळांवर काळवीट आहे, खोकड आहे, तरस आहे. त्या रानाशेजारच्या मुलाला झेब्र्याचे पट्टे ठाऊक असतात आणि तरसाला तो भुताटकीचे जनावर समजतो.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर एवढे लिहिले नसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयत्याबरोबर मुलेही जातात. शाळा मागे राहते आणि कोपीतला संसार सुरू होतो. ज्या उसाच्या फडात ती वावरतात, तोच ऊस जुन्नर परिसरात बिबट्याच्या मादीचे बाळंतघर झाला आहे. तोड सुरू असताना सरीत डोळे मिचकावणारी पिल्ले सापडतात. आता त्या मुलाने काय करावे? मालिकेतला बघीरा आठवून पिल्लू कुशीत घ्यावे? की शेरखान आठवून दगड उचलावा? दोन्ही घातकच. पिल्लाला हात न लावता मागे सरायचे, मोठ्यांना हाक मारायची, वनखात्याला कळवायचे, हा खरा धडा आहे. जुन्नर भागात अशी पिल्ले सापडल्या जागी एखाद्या क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते, असा अनुभव वारंवार आलेला आहे. पिल्लू हरवलेली मादी मात्र फडाभोवती घिरट्या घालते, आणि तेव्हा धोका वाढतो. बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत, त्यांत लहान मुले आहेत. ती भीती खोटी नाही. म्हणूनच अर्ध्या तासाचा एक मराठी भाग, बीडच्या बोलीत, त्या कोपीतल्या मुलासाठी बनला तर तो करमणुकीहून मोलाचा ठरेल. माझ्या मते अशा मालिकेची हीच खरी कसोटी होय.

आपल्या श्रद्धेच्या ठेव्यातही याला एक आधार सापडतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली ज्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, त्या असिसीच्या संत फ्रान्सिसची गुब्बियोच्या लांडग्याची आख्यायिका आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकतो. चमत्कार म्हणून ती आपण सांगतो, पण तिच्यातली एक गोष्ट नजरेआड करतो. सारे नगर लांडग्याला खुनी म्हणत असताना संताने ओळखले की त्याच्या पोटात भूक आहे. ‘हा दुष्ट आहे’ या निवाड्याऐवजी ‘याला काय हवे आहे?’ हा प्रश्न त्याने पुढे केला. (लांडग्याला नगराने जेवू घातले, हा भाग मात्र अनुकरणासाठी नव्हे, माकडांना हाताने खाऊ घालूनच आपण त्यांना वस्तीत बोलावतो.) पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात हेच सूत्र पुढे नेले: प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, केवळ आपल्या उपयोगापुरते नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने प्राण्यांना नावे दिली. नाव देण्याआधी प्रत्येकाकडे नीट पाहावे लागले असणार. खल आणि नायक अशा दोनच नावांत त्याने सारी सृष्टी उरकली नव्हती.

तेव्हा मोगलीची ती मालिका मुलांना जरूर दाखवावी. तिच्यात जिव्हाळा आहे आणि जिव्हाळ्याशिवाय जिज्ञासा उमलत नाही. पण भाग संपल्यावर पडदा बंद करून घरातल्या मोठ्यांनी एवढेच विचारावे, ‘शेरखानला भूक लागली असेल तेव्हा तो काय करत असेल रे?’ उत्तर मालिकेत सापडणार नाही. ते शोधायला मूल अंगणाबाहेर, बांधापर्यंत आणि बांधापलीकडच्या माळापर्यंत जाईल. बरोबर आपणही जावे.