अस्सल अमेरिकन, जुळणी कुर्ला

कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये विक्रीला ठेवलेली डॉज किंग्जवे बघून आलो. क्रोम लखलखीत, रंग नवाकोरा, स्टिअरिंगजवळचा गिअर अलगद पडतो. जुनं सहा सिलिंडरचं इंजिनही पहिल्याच हाकेला जागं झालं. काचेवर कागद: ‘अस्सल अमेरिकन’.

माझा आक्षेप या कागदाला आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्यांची जुळणी होऊ लागली. माझे काका तिथे फिटर होते. बॉनेटखाली मी कारखान्याची पट्टी शोधली; त्या जागी नुसता रंग होता.

जुनी पोथी शुद्ध करणारा लेखनिकाचं नाव खोडत नाही. इथे नेमकं तेच खोडलंय. मालकांना तसं म्हणालो. ते हसले, “कुर्ला लिहिलं की भाव पडतो, काका.”

कारागिराच्या हाताला पैकीच्या पैकी गुण. इतकी निगुतीने सावरलेली गाडी विरळाच. पण गाडी सावरताना तिचं माहेर एकच ठेवलं, आणि तेही लांबचं. कागदावर कुर्ला यायला हवं. भाव पडला तरी.